सिलिकोन आणि सिलिका जेल : घरगुती वापर आणि सुरक्षितता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या वस्तूंच्या खोक्यांतून निघणाऱ्या पुड्या आणि स्वयंपाकघरातली रबरासारखी रंगीत भांडी यांच्याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिलिकॉन, सिलिका, सिलिका जेल आणि सिलिकोन हे सगळे एकच का?

नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे. त्याचा अणुक्रमांक १४ असून पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल तेच सर्वाधिक आढळते. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की सिलिका तयार होते. वाळू आणि गारगोटी ही तिची परिचित रूपे. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल मिसळून, तयार झालेला लगदा धुऊन वाळवला की जी अत्यंत सच्छिद्र सिलिका उरते, ती सिलिका जेल. नावात 'जेल' असले तरी ती कोरडी आणि कडक असते. सिलिकोन मात्र मानवनिर्मित बहुवारिक आहे : सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एकाआड एक साखळी आणि त्या साखळीला जोडलेले कार्बनी गट. साखळ्या सुट्या राहिल्या तर तेल मिळते आणि एकमेकींना जोडल्या तर रबर. मराठीत मूलद्रव्य आणि रबर या दोहोंनाही सर्रास 'सिलिकॉन' म्हटले जाते. घोटाळा टाळण्यासाठी या पानावर रबर-तेलाला सर्वत्र 'सिलिकोन' म्हटले आहे.

२. पुडीवर 'खाऊ नका' असे ठळक लिहिलेले असते. मग सिलिका जेल विषारी आहे का?

साधी पांढरी सिलिका जेल विषारी नाही. ती पोटात विरघळून रक्तात जात नाही, जवळपास जशीच्या तशी शौचावाटे बाहेर पडते. याच प्रकारची अस्फटिकी, म्हणजे स्फटिकासारखी नियमित अणुरचना नसलेली, सिलिका भुकटीच्या खाद्यपदार्थांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून ५५१ या क्रमांकाने मिसळली जाते आणि औषधांच्या गोळ्यांमध्येही असते. इशारा लिहिण्याची कारणे वेगळी आहेत : दाणे किंवा अख्खी पुडी लहान मुलाच्या घशात अडकू शकते, पुडी मसाल्याची समजून अन्नात फोडली जाऊ शकते, आणि पुडीतला माल खाण्याच्या शुद्धतेचा असेलच असे नाही. रंगीत दाण्यांची गोष्ट निराळी आहे (प्रश्न ४). त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पुडी सिलिका जेलची नसते (प्रश्न ५).

३. मुलाने पुडी फोडून दाणे तोंडात टाकले. आता काय करावे?

आधी श्वासाकडे लक्ष द्यावे. मूल गुदमरत असेल, त्याचा आवाज फुटत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर ती श्वास अडकल्याची आणीबाणी आहे आणि तिच्यावर तोच प्रथमोपचार ताबडतोब करावा. श्वास नीट चालू असेल तर तोंडात उरलेले दाणे बोटाने अलगद काढावेत, तोंड पुसावे आणि घोट घोट पाणी पाजावे. दाणे लाळ शोषून घेतात, त्यामुळे जीभ कोरडी पडते आणि मूल चिडचिड करते, पण हा त्रास लवकर थांबतो. उलटी मुद्दाम करवू नये. फाटलेली पुडी टाकून न देता तिच्यावरचा मजकूर वाचावा. मजकूर सिलिका जेलचा नसेल, दाणे रंगीत असतील, किंवा खोकला, लाळ गळणे, उलट्या, पोटदुखी यांपैकी काही सुरू झाले, तर पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांत दाणे किंवा धूळ गेली तर डोळे न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवावेत. पाळीव कुत्र्यामांजरांच्या बाबतीत दाण्यांपेक्षा गिळलेल्या पुडीच्या आवरणाची काळजी अधिक, कारण ते आतड्यात अडकू शकते.

४. काही पुड्यांत निळे किंवा नारिंगी दाणे असतात. ते धोकादायक आहेत का?

रंग हा दाणे ओलावले आहेत की नाहीत, हे दाखवण्यासाठी घातलेला असतो. निळे दाणे ओलावल्यावर गुलाबी होतात, ते कोबाल्ट क्लोराइडमुळे. श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगकारक ठरणाऱ्या पदार्थांत युरोपीय संघाने त्याची गणना केली आहे. काहींना त्याने त्वचेची अॅलर्जीही होते. बंद पुडीतले निळे दाणे कपाटात पडून राहिल्याने कोणाला काही होत नाही, परंतु ते हातांनी चाळणे, कुटणे किंवा अन्नाच्या डब्यात ठेवणे टाळावे. नारिंगी दाण्यांत कोबाल्ट नसते. त्यांत दुसरे रंगद्रव्य असते आणि ओलावल्यावर ते हिरवट किंवा फिकट होतात. तरीही 'कोबाल्ट नाही' याचा अर्थ 'खाण्याजोगे आहे' असा नव्हे. घरासाठी विकत घ्यायचेच असतील तर आमचे मत पांढऱ्या दाण्यांच्या बाजूने आहे. ओलावा किती शोषला गेला हे वजन करूनही कळते (प्रश्न ८).

५. खोक्यातून निघणारी प्रत्येक छोटी पुडी सिलिका जेलचीच असते ना?

हा समज चुकीचा आहे आणि या पानावरील सर्वांत धोकादायक गैरसमजही हाच. सिलिका जेलचे दाणे पुडीतून बोटांना गोल, सुटे आणि कडक लागतात. पण तशाच आकाराच्या पुडीत निदान चार वेगळे पदार्थ असू शकतात.

कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, हा त्यांतला सर्वांत घातक. पुडी फुटून तो ओल्या हाताला, तोंडाला किंवा डोळ्याला लागला की पाण्याशी अभिक्रिया होऊन उष्णता निर्माण होते आणि दाहक अल्कली तयार होते. डोळ्याची कायमची हानी होऊ शकते. तो त्वचेवर सांडल्यास आधी कोरड्या फडक्याने पूर्ण झटकून टाकावा आणि नंतर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास मात्र वाट न पाहता लगेच धुण्यास सुरुवात करावी आणि धुणे चालू ठेवून रुग्णालय गाठावे.

कोरड्या खाद्यपदार्थांच्या पाकिटात असणारी, आत काळसर किंवा तपकिरी भुकटी असलेली चपटी पुडी बहुधा ऑक्सिजन शोषणारी असते. तिच्यात लोखंडाची भुकटी असते; हवा लागली की लोखंड गंजू लागते आणि पुडी कोमट लागते. ती ओलावा काढण्यासाठी नसते, त्यामुळे सिलिका जेल म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नाही. लहान मुलाने किंवा पाळीव प्राण्याने ती भुकटी खाल्ली तर डॉक्टरांना विचारावे.

कपाटात टांगायच्या, खाली पाणी साचणाऱ्या पिशव्या कॅल्शियम क्लोराइडच्या असतात. साचते ते नुसते पाणी नसून तीव्र क्षाराचे द्रावण असते. ते चामड्यावर डाग पाडते, धातू गंजवते आणि त्वचेला झोंबते. चौथा प्रकार करड्या रंगाच्या मातीच्या खड्यांचा. तो निरुपद्रवी असतो. ओळख पटवण्यासाठी पुडी फोडून पाहू नये, छापील मजकूर वाचावा. मजकूरच नसेल तर पुडी टाकून द्यावी.

६. एवढीशी पुडी नेमका किती ओलावा शोषते?

एक ग्रॅम सिलिका जेलमध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांचा आतला पृष्ठभाग सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. पाण्याची वाफ या पृष्ठभागावर चिकटून राहते, म्हणून भरलेले दाणेही हाताला कोरडेच लागतात. खूप दमट हवेत जेल स्वतःच्या वजनाच्या ३५ टक्क्यांच्या आसपास पाणी धरते; मध्यम आर्द्रतेत त्याहून कमी.

पुरेसे की अपुरे, हे मात्र डब्यात काय आहे त्यावर ठरते. ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असते, म्हणजे १० लिटरच्या डब्यातल्या हवेत अवघे ०.३ ग्रॅम. पाच ग्रॅमची एक पुडी ते सहज शोषते. त्याच डब्यात एक किलो सुती कपडे असतील, तर दमट हवेत त्या धाग्यांनीच ८० ग्रॅमच्या घरात पाणी धरलेले असते. तिथे ती पुडी नावापुरती. म्हणून कपडे आणि कागद आधी वाळवून मगच डब्यात ठेवावेत. जेलचे काम वाळवण्याचे नसून वाळलेले तसेच राखण्याचे आहे.

७. उघड्या कपाटात किंवा खोलीत पुड्या ठेवल्या तर दमटपणा कमी होईल का?

नाही. बाहेरून हवा सतत येत राहते आणि जेल काही तासांत किंवा दिवसांत भरून जाते. हवाबंद डबा नसेल तर पुडीही नको.

८. भरलेली सिलिका जेल पुन्हा वापरता येते का?

येते, आणि ते वारंवार करता येते. दाणे पुडीतून काढून धातूच्या ताटात पातळ थरात पसरावेत आणि ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास ठेवावेत. तापवण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. वजन घटायचे थांबले की दाणे कोरडे झाले असे समजावे. लगेच हवाबंद बरणीत भरावेत, नाहीतर थंड होता होताच ते पुन्हा ओलावा घेऊ लागतात. अख्खी पुडी तापवू नये, कारण पुष्कळदा तिचे आवरण प्लॅस्टिकचे असते आणि ते वितळते. मायक्रोवेव्हमध्ये दाणे असमान तापून तडकतात. कोबाल्टचे निळे-गुलाबी दाणे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मुळीच तापवू नयेत. कोरड्या दाण्यांवर थेट पाणी पडले तर ते तडतड आवाज करत फुटतात. हा स्फोट किंवा विषारी अभिक्रिया नव्हे, पाणी झपाट्याने छिद्रांत शिरल्यामुळे दाण्यावर येणारा तो ताण आहे.

९. घरात सिलिका जेलचा खरा उपयोग कुठे होतो?

कॅमेऱ्याच्या भिंगांवर वाढणारी बुरशी हे सर्वांत चांगले उदाहरण. ती दमट हवेत वाढते, म्हणून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणे पुरते. त्यासाठी डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. हत्यारे, सुया, श्रवणयंत्र आणि महत्त्वाची कागदपत्रे यांनाही फायदा होतो. फुले बारीक जेलमध्ये पूर्ण पुरून डबा बंद ठेवला, तर साधारण आठवडाभरात ती आकार आणि बराचसा रंग टिकवून वाळतात. बियाणे साठवण्याआधी बियांच्या वजनाइतकी जेल घेऊन बंद बरणीत आठवडाभर वाळवण्याची पद्धत रूढ आहे, मात्र कोकोसारख्या काही झाडांच्या बिया वाळल्या की मरतात. जुने चामडे, लाकडी वाद्ये आणि हस्तिदंत यांच्याजवळ जेल भरमसाट ठेवू नये; अतिकोरडेपणाने त्यांना तडे जातात.

१०. औषधाच्या बाटलीतली पुडी काढून टाकावी का?

काढू नये. उत्पादकाने त्या औषधासाठी योग्य तेवढेच शोषक निवडलेले असते. त्याचबरोबर स्वतःच्या मनाने जादा पुड्याही टाकू नयेत, कारण जिलेटिनच्या कॅप्सूल फार कोरड्या झाल्या की ठिसूळ होतात. पुडी गोळी समजून गिळली जाण्याची शक्यता असलेल्या वृद्धांच्या बाबतीत घरच्यांनी लक्ष ठेवावे.

११. पाण्यात पडलेला फोन सिलिका जेलमध्ये ठेवावा का?

आधी फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि पाणी निथळू द्यावे. बचाव होतो तो मुख्यतः यामुळे. जेल बाहेरची हवा कोरडी ठेवते, पण आतल्या सर्किटच्या पट्टीखाली अडकलेले पाणी आणि त्यातले क्षार ती ओढून काढू शकत नाही. तांदळात ठेवण्यापेक्षा जेल बरी, एवढेच.

१२. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होतो ना? मग पुडीही टाळायला नको का?

सिलिकोसिस होतो तो स्फटिकी सिलिकेच्या, विशेषतः क्वार्ट्झच्या, अतिसूक्ष्म धुळीने, आणि तीही वारंवार किंवा मोठ्या प्रमाणात श्वासावाटे आत गेल्यास. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही स्फटिकी धूळ पहिल्या गटात, म्हणजे मानवात निश्चित कर्करोगकारक म्हणून ठेवली आहे. सिलिका जेल अस्फटिकी असते आणि तिची वर्गवारी वेगळी आहे. तरीही कोणतीही बारीक धूळ घसा आणि डोळ्यांना त्रासदायकच, म्हणून दाणे कुटू नयेत. घरात खरी भीती पुडीची नाही. लाद्या, काँक्रीट किंवा क्वार्ट्झमिश्रित कृत्रिम दगडाचे ओटे कोरड्या ग्राइंडरने कापले जातात, तिथे ती आहे. अशा दगडामुळे कामगारांना झालेल्या आजारांनंतर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. कापकाम पाणी सोडत, योग्य मुखवटा लावून आणि घरच्यांना दूर ठेवूनच करून घ्यावे.

१३. सिलिकोनची भांडी आणि साचे किती तापमान सोसतात?

बहुतेक चांगल्या वस्तू उणे ४० ते २०० अंश, काही २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. वस्तूवर छापलेली मर्यादा अंतिम मानावी. फ्रीझर, मायक्रोवेव्ह आणि ओव्हन चालतात. उघडी ज्योत आणि ओव्हनचा तापलेला तार यांचा थेट स्पर्श चालत नाही. सिलिकोनचे उलथने रिकाम्या तापलेल्या तव्यावर टेकवून ठेवू नये, कारण तवा २५० अंशांच्या वर सहज जातो. सिलिकोन पेटले तर मागे पांढरी राख उरते; ती मुख्यतः सिलिकाच असते.

१४. तापवल्यावर सिलिकोनमधून अन्नात काही उतरते का?

थोडे उतरते, आणि हे लपवण्याचे कारण नाही. साखळीत न जोडले गेलेले छोटे, वलयाकार रेणू रबरात शिल्लक राहतात. उष्णतेने आणि विशेषतः स्निग्ध पदार्थांच्या संपर्कात ते बाहेर पडतात. चांगला उत्पादक माल विकण्यापूर्वी तो कित्येक तास तापवून हे रेणू घालवतो. जर्मनीतील बीएफआर या संस्थेच्या शिफारशीनुसार २०० अंशांवर चार तास तापवल्यानंतर वस्तूच्या वजनात ०.५ टक्क्यापेक्षा जास्त घट होता कामा नये. डी-४, डी-५ आणि डी-६ या वलयाकार रेणूंना युरोपीय संघाने २०१८ मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले. त्यामागे ते पर्यावरणात दीर्घकाळ टिकतात हे प्रमुख कारण होते. नवा साचा खिडक्या उघड्या ठेवून एकदा रिकामाच, त्याच्या मर्यादेत, तासभर तापवावा आणि नंतर धुवावा. त्यानंतरही तीव्र वास येत राहिला तर ती वस्तू अन्नासाठी वापरू नये.

१५. चिमटा काढून ताणले आणि रंग पांढरा पडला, तर सिलिकोन भेसळीचे असते का?

ही चाचणी सूचक आहे, निर्णायक नाही. स्वस्त भर घातलेला माल ताणल्यावर पुष्कळदा पांढुरका दिसतो, पण काही रंगांच्या चांगल्या मालातही तसे होते आणि न पांढरा पडणारा माल निर्दोष असतो असेही नाही. वास, छापील तापमानमर्यादा आणि अन्नयोग्यतेचा स्पष्ट उल्लेख या गोष्टींना आम्ही अधिक महत्त्व देतो.

१६. धुऊनही साचा चिकट राहतो आणि पदार्थाला साबणाची चव येते. का?

सिलिकोन तेल आणि सुगंध धरून ठेवते. सुगंधी द्रवसाबणाऐवजी बिनवासाचा साबण वापरावा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून साचा भिजवावा आणि पूर्ण वाळवून थोडा वेळ ओव्हनमध्ये तापवावा. घासणीच्या खरखरीत बाजूने पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि चिकटपणा वाढतो.

१७. बाळाच्या बाटलीचे निपल आणि मासिक पाळीचा कप किती दिवस वापरावा?

महिन्यांपेक्षा अवस्था पाहावी. निपल ओढून पाहिल्यावर चीर दिसली, छिद्र मोठे झाले किंवा टोक मऊ, फुगीर झाले तर ते त्याच दिवशी टाकावे, कारण चावून तुटलेला तुकडा घशात अडकतो. कप दोन पाळ्यांच्या मध्ये सुमारे पाच मिनिटे उकळावा. पाणी आटून तो भांड्याच्या तळाला चिकटणार नाही याकडे लक्ष द्यावे. डाग पडणे हा दोष नाही. चिकटपणा, चीर किंवा भुकटी सुटणे हा दोष आहे. सिलिकोनयुक्त वंगण यांपैकी कशालाही लावू नये (प्रश्न १९).

१८. सिलिकोन सीलंटला येणारा आंबट वास घातक आहे का?

तो अॅसिटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरचा वास असतो. सीलंट हवेतील ओलावा घेऊन घट्ट होताना ते बाहेर पडते. डोळे आणि घसा चुरचुरतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ते आम्ल तांबे गंजवते, आरशाचा मुलामा खराब करते आणि संगमरवरावर परिणाम करते. अशा ठिकाणी आंबट वास नसलेले 'न्यूट्रल' सीलंट घ्यावे. त्यालाही हवा खेळती लागतेच, कारण त्यातल्या काही प्रकारांतून ऑक्झाइम नावाचे रसायन सुटते. दिवसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर एवढाच थर पक्का होतो, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा जाड थर आत ओला असतो. मत्स्यालयासाठी बुरशीनाशक नसलेलेच सीलंट वापरावे. न्हाणीघरासाठीच्या मालात ते मुद्दाम घातलेले असते आणि माशांना मारक ठरते. जुन्या थरावर नवा थर नीट धरत नाही, म्हणून जुना आधी पात्याने खरवडून काढावा.

१९. सिलिकोनच्या वस्तूला सिलिकोनचेच तेल लावले तर चांगले नाही का?

चांगले नाही. सारखी रचना असल्यामुळे तेल रबरात शिरते, रबर फुगते आणि त्याची ताकद कमी होते. दाराची नैसर्गिक रबराची पट्टी किंवा प्लॅस्टिकचे सरकते भाग यांना मात्र हेच तेल उत्तम चालते.

२०. सिलिकोनच्या बंद पिशवीत सिलिका जेल टाकून कोरडा माल ठेवला, तरी तो सादळतो. असे का?

सिलिकोन द्रव पाणी अडवते, पण पाण्याची वाफ त्याच्यातून बऱ्यापैकी सहजपणे आरपार जाते. वायूंच्या बाबतीतही ते इतर अनेक रबरांपेक्षा फार पारगम्य आहे. त्यामुळे पिशवीचे तोंड कितीही घट्ट असले तरी भिंतीतून ओलावा येत राहतो आणि जेल प्रश्न ७ मधल्या उघड्या कपाटासारखीच हळूहळू भरून जाते. दीर्घकाळ कोरडे ठेवायचे असेल तर काचेची किंवा धातूची बरणी घ्यावी. तिच्या झाकणाचे कडे सिलिकोनचे असले तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथे वाफेला वाट फक्त एका अरुंद पट्टीतून मिळते. तेवढी ओल पाच-दहा ग्रॅम कोरडी जेल पुष्कळ दिवस झेलू शकते.